पोस्टरवरची बाराखडी

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकरनगरमधला एक तरुण माझ्याकडे वही घेऊन आला. "जयभीम सर. लेखक व्हायचंय. वाचून बघा, काय कापायचं ते सांगा," एवढेच म्हणाला. दोनशे पानी वही, दोन्ही बाजूंनी भरलेली. कथा नव्हे, कविता नव्हे. रोजचे जगणे जसेच्या तसे उतरवलेले. पहाटेचे पाणी, घाटकोपर स्टेशनवरची मेट्रोची रांग, साकीनाक्याच्या कुरिअर कचेरीत दिवसभर पार्सले वेगळी करण्याचे काम, गारोडियानगरात चार घरची धुणीभांडी करणारी आई, हप्त्यावर घेतलेला मोबाइल. आणि या सगळ्याच्या मधूनमधून सिनेमा. 'फँड्री', 'सैराट', 'काला', कुठल्याशा रॅपवाल्याची गाणी, नट-नट्यांच्या गोष्टी, स्वतः जुळवलेली चार कडवी.

मी लाल पेन घेतले आणि सिनेमाची अकरा पाने आडव्या रेघा मारून रद्द केली. समासात शेरा लिहिला, 'फिल्मी'. पाण्याची, आईची, कचेरीची पाने ठेवली. ही आपली, ती त्यांची, असा माझा हिशोब होता. मुलगा नाराज झाला नाही. नाराज व्हायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचले.

सुचले ते अण्णाभाऊ साठे पुन्हा वाचताना. एका व्याख्यानासाठी मी त्यांची पुस्तके काढून बसलो होतो, आणि टिपणे करताना माझ्याच हाताने तोच शब्द कागदावर उतरला. 'उत्तरार्धातल्या कादंबऱ्या फिल्मी'. तेव्हा थांबलो. हा शब्द आपल्या तोंडी आला कुठून? कोणी दिला? आणि तो वापरताना आपण कोणाच्या ओसरीवर उभे असतो?

अण्णाभाऊंचे चरित्र आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. 1 ऑगस्ट 1920 ला वाटेगावात, मांगवाड्यात जन्म. शाळा जवळजवळ नाहीच. 1931-32 च्या सुमारास बापाबरोबर पायी मुंबईला. हमाली, फेरीवाल्याचे गाठोडे, गिरणी. हे सर्व आपण भाषणात सांगतो, कारण ते हलाखीचे आहे आणि हलाखी सांगताना आपल्याला संकोच वाटत नाही. पण त्यांच्या चरित्रकारांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी आपण घाईने उरकतो. या पोराला मूकपटांचा नाद होता. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत वाचत त्याने अक्षरओळख पक्की केली. मराठी साहित्यातील एका मोठ्या लेखकाची बाराखडी अशी भिंतीवर चिकटवलेली होती.

या गोष्टीकडे आपण 'बिचारा' म्हणून पाहतो. पाहा, शाळा मिळाली नाही, म्हणून पोस्टरवर शिकावे लागले! मला आता हा अर्थ अपुरा वाटतो. तो काळ डोळ्यांपुढे आणावा. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. तरी स्वस्तातल्या थिएटरांतून मूकपट आणखी काही वर्षे चालतच होते. मूकपटात मजकुराच्या पाट्या येत, इंग्रजीबरोबर दोन-तीन देशी लिप्यांत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचून दाखवी, बाकीचे ऐकत. म्हणजे स्वस्त तिकिटाची ती रांग ही एक वाचनशाळाच होती, आणि तिथे शेजारी बसलेल्याची जात विचारून मग अक्षर सांगण्याची चाल नव्हती. गावात ज्या पोराला अक्षराजवळ बसू दिले नाही, त्याला शहरात अक्षर भेटले ते घोड्यावरून उडी मारणाऱ्या मास्टर विठ्ठलच्या चित्राखाली. मग त्याच्या मनात अक्षर आणि साहस यांची गाठ कायमची बसली तर त्यात नवल काय?

'फकिरा' (1959) या दृष्टीने वाचून पाहा. घोडा, रात्र, दुष्काळातली खजिन्याची लूट, एकट्याने अंगावर घेतलेले सैन्य. समीक्षक याला अद्भुतरम्य म्हणाले आणि पुढे गेले. पण हा सगळा सरंजाम अण्णाभाऊंनी कोणासाठी वापरला? मास्टर विठ्ठलच्या पडद्यावर तलवार राजपुत्राच्या नाहीतर सरदाराच्या हाती असे. अण्णाभाऊंनी ती मांगाच्या हाती दिली. शिवाय राजकन्येला सोडवण्यासाठी नव्हे, उपाशी वस्तीच्या पोटासाठी. पडद्यावरचा नायक त्यांनी तसाच उचलला आणि त्याची जात बदलली. एवढा एक बदल केल्याबरोबर सगळ्या साहसाचा अर्थ फिरतो. हे उसने घेणे म्हणायचे की हिसकावून घेणे? ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. आपण एखादी रंजक चीज लिहितो आहोत असे वाटणारा माणूस असे धाडस करील असे मला वाटत नाही.

यापेक्षाही माझ्या मनात घर करून राहिली आहे ती 'स्मशानातील सोनं' ही कथा. ती आपल्या उपनगराची कथा आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरात खाणीवर दगड फोडतो. पहिलवानी अंगाचा गडी. खाण बंद पडते. काय करावे कळेना तेव्हा मढ्याच्या राखेत त्याला सोने सापडते, आणि मग रात्री स्मशाने धुंडाळणे हा त्याचा धंदा होतो. एका रात्री एका धनिकाचे नुकते पुरलेले प्रेत उकरायला तो जातो, तर तिथे कोल्ह्यांची टोळी आधीच उकरते आहे. माणूस आणि कोल्ही यांची झुंज होते.

ही झुंज ज्याने वाचली तो विसरत नाही. अंधार, हल्ला, माघार, पुन्हा हल्ला. वाक्ये तुटक, एकेक हालचाल वेगळी दिसावी अशी. हा हात सिनेमा पाहिलेल्या लेखकाचा आहे, यात मला शंका नाही. पडद्यावरची मारामारी कशी रचतात, प्रेक्षकाचा श्वास कुठे रोखून धरायचा, हे त्याला ठाऊक आहे. आणि या सगळ्या कसबाचा खर्च कशावर? एक कष्टकरी एका प्रेतासाठी जनावरांशी लढतो आहे यावर. भीमा जिंकतो, पण जिंकून मिळवतो काय? मेलेल्याच्या अंगावरची अंगठी. मग प्रेताच्या तोंडात सोने असेल म्हणून तो पहारीने जबडा उघडतो, बोटे घालतो, आणि बोटे दातांत अडकतात. पुढे ती कापावी लागतात. नेमकी तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणाऱ्याची बोटे मढ्याच्या सोन्यापायी गेली.

मारामारीच्या सिनेमात बलदंड नायकाचे बळ अखेर त्याच्या कामी येते. इथे तेच बळ त्याला खड्ड्यात घेऊन जाते, कारण बळ विकायला बाजारच उरलेला नाही. बेकारीवरचे इतके कठोर लेखन मराठीत फारसे नाही. आणि ते 'रंजक' आहे! वाचक शेवटपर्यंत खिळून राहतो, म्हणूनच शेवटचा घाव बसतो. ज्यांनी कंटाळवाणेपणालाच गांभीर्य मानले त्यांना हे उमजणे कठीण.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर आपण समीक्षा करत नाही, आरती करतो. अण्णाभाऊंच्या कितीतरी कादंबऱ्यांत साचा आहे. देखणी, सोशिक, अब्रूला जपणारी नायिका, रांगडा, सरळ मनाचा नायक, गावचा पुंड, योगायोग, शेवटी न्याय. नायिकेच्या रूपाचे वर्णन वाचताना पोस्टर रंगवणाऱ्याचा ब्रश चालतो आहे असे वाटते. सिनेमावाल्यांना हे सोयीचे झाले. 'वैजयंता' 1961 मध्ये पडद्यावर आली, 'फकिरा' 1963 मध्ये. 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना', 'चिखलातील कमळ'वरून 'मुरली मल्हारीरायाची', 'आवडी'वरून 'टिळा लावते मी रक्ताचा' हे तिन्ही चित्रपट 1969 चे. त्याच वर्षी 18 जुलैला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अण्णाभाऊ गेले. त्याआधीचे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत काढलेले. 'वारणेचा वाघ' 1970 मध्ये लागला, 'अलगूज'वरून 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' 1974 मध्ये. शहरात आपल्या नावाची पोस्टरे आणि डोक्यावर गळके छप्पर, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

तमाशापटांचेच घ्या. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'नंतर मराठीत तमाशापटांचे पीक आले. फेटा, पाटील, बैठक, लावणी. तमाशा ज्यांनी शतकानुशतके पोटाशी धरून जगवला ते महार, मांग, कोल्हाटी त्या पडद्यावर शोधून पाहा. घुंगरू राहिले, घुंगरू बांधणारीची जात गेली. अण्णाभाऊ स्वतः नात्यातल्या बापू साठ्यांच्या फडात उभे राहिलेले. त्यांना तमाशा आतून माहीत. तरी त्यांच्या कथानकाला पडद्याने हात लावला की त्यातले झणझणीत ते सौम्य होई. त्यांनी सिनेमाकडून घेतले तेव्हा जात घातली. सिनेमाने त्यांच्याकडून घेतले तेव्हा जात काढली. या देवघेवीचा नीट अभ्यास आपल्या विद्यापीठांतील मुलांनी केला पाहिजे. 'दलित जाणिवेचे स्वरूप' या एकाच मथळ्याचे प्रबंध आता पुरे.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर त्या मुलाच्या वहीवर मी लाल रेघ का मारली हे कळणार नाही.

मी विक्रोळी पार्कसाईटच्या टेकडीवरचा. वडील झाडूखात्यात. घाटकोपरला श्रेयस आणि ओडियन ही आमची तीर्थे. 1975 मध्ये 'दीवार' आला तेव्हा मी अकरावीला होतो. चार वेळा पाहिला. तिकिटाचे पैसे आईच्या भिशीतून, चोरून. त्यात नायकाच्या हातावर लहानपणीच बापाच्या बदनामीची अक्षरे गोंदलेली असतात. तो मोठा होतो, श्रीमंत होतो, सूट घालतो, पण अक्षरे जात नाहीत. थिएटरात आम्ही पार्कसाईटची पोरे एका रांगेत बसलो होतो आणि कोणी शिट्टी मारली नाही. तस्करी, बंदर, सोने यांच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हते. आपण न केलेल्या गोष्टीसाठी आपल्या अंगावर कोणीतरी लिहून ठेवले आहे आणि ते धुतले जात नाही, एवढे आम्हाला कळले होते. शाळेच्या दाखल्यावर आमचेही लिहिलेले होते. हिंदी सिनेमाने त्या नायकाला जात दिली नव्हती. ती आम्ही आमच्या खुर्चीवरून दिली.

यावर मी एक कविता केली. बरी की वाईट, आता आठवत नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात ती वाचली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, तळमळीचे, ज्यांच्यामुळे मी बाबासाहेब वाचले, त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे भांडवलदारांचं अफू आहे. आपल्या अनुभवातलं लिही." मी खाली मान घातली. घरी येऊन गाण्यांची वही आणि जपून ठेवलेली तिकिटांची अर्धुके बंबात घातली. पुढे मी आपल्या अनुभवातले लिहिले. भूक लिहिली, कचऱ्याची गाडी लिहिली, ते छापूनही आले. 'दीवार' पुन्हा कधी लिहिला नाही. तो काय माझा अनुभव नव्हता? चोरलेल्या आठ आण्यांचा, अंधारात एका रांगेत बसण्याचा, त्या अक्षरांचा?

त्या कार्यकर्त्यांना मी दोष देत नाही. 1972 मध्ये 'गोलपिठा' आला होता, पँथर उभी राहिली होती, गावोगाव अत्याचार चालू होते. पडद्यावरच्या खोट्या विजयांनी पोरे निवतील ही त्यांची भीती खरी होती. आजही ती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी आम्ही एक विचित्र गोष्ट केली. आमच्या गायनपार्ट्यांनी सिनेमाच्या चालींवर शेकडो भीमगीते बांधली, त्यावर वस्त्या जाग्या झाल्या, अडाणी आयाबायांना चवदार तळे आणि पुणे करार पाठ झाला. तिथे कोणाला लाज वाटली नाही. लाज वाटली ती छापील पानावर. लग्नाच्या मांडवात जे चालते ते नियतकालिकात चालत नाही, हा नियम आपला नाही. तो सदाशिवपेठेचा आहे आणि आपण तो न विचारता पाळला.

बहिणीचे तर सांगायचेच राहिले. मी चोरून का होईना सिनेमे पाहिले. तिने पाहिले नाहीत. मुलीने थिएटरात जायचे नाही, हा आमच्या घरातला कायदा, आणि तो करणारे आम्ही क्रांतीची भाषा बोलणारेच. पण शेजारच्या रेडिओवर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागे तेव्हा ती भांडी घासायला बाहेर येई आणि मुद्दाम वेळ लावी. तिला सगळी गाणी पाठ होती, न पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी ती स्वतःच रचून आम्हाला सांगे. आमच्या घरातला लेखक बहुधा तीच होती. आपल्या आत्मकथनांतून पुरुषांचे सिनेमे कधीमधी येतात. बायकांच्या या ऐकीव सिनेमाची नोंद कोणी घ्यायची?

त्या मुलाच्या वहीकडे परत येतो. अण्णाभाऊ वाचून झाल्यावर मी ती मागवून घेतली आणि रद्द केलेली पाने रेघांखालून वाचली. सगळी चांगली नाहीत. 'सैराट'वरची तीन पाने नुसते कौतुक आहे. गाणी किती वेळा ऐकली याची मोजदाद. रॅपची कडवी यमकासाठी यमक. ती कापलीच पाहिजेत. पण एका पानावर त्याने मोबाइलवर पाहिलेल्या 'जय भीम कॉम्रेड'बद्दल लिहिले आहे. त्याच्या वस्तीत 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मारली गेली आणि चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला, तिथून सुरू होणारा, 14 वर्षे चित्रित होत राहिलेला आनंद पटवर्धनांचा हा माहितीपट. मुलगा तेव्हा जन्मलेलाही नव्हता. तो लिहितो की पडद्यावर आपल्या गल्लीचा कोपरा दिसला तेव्हा त्याने चित्र थांबवले, आणि मोबाइल हातात धरून त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. दोन्ही सारखे दिसतात का पाहायला. एवढेच. भाष्य नाही. मला इतक्या वर्षांच्या लेखनात असे एक पान साधलेले नाही, आणि मी त्यावर 'फिल्मी' लिहिले होते.

दुसरे पान 'काला'चे, 2018 च्या. पा. रंजित यांचा, धारावीतला. आपल्याकडे त्या सिनेमातल्या निळ्या, काळ्या, लाल रंगांवर पुष्कळ लिहून झाले आहे. हा मुलगा रंगांवर लिहीत नाही. त्याचे लक्ष आहे नाना पाटेकरांनी केलेल्या खलनायकाच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर, त्या पांढऱ्या घरावर. तो विचारतो, हे धुतं कोण? मग सरळ गारोडियानगरात जातो. आई कुठल्या घरी पांढरे कपडे वेगळे भिजवते, नीळ किती घालते, तिच्या बोटांच्या पेरांना काय झाले आहे. मी रेघ मारली होती ती सिनेमाच्या परिच्छेदापर्यंत. आईचा परिच्छेद मी ठेवला होता. पण पहिला काढल्यावर दुसऱ्याला पायच उरत नाही. ती आई मग आपल्या साहित्यातल्या शंभर आयांसारखी होते, कष्टाळू आणि मुकी. सिनेमामुळे ती एका सत्ताधाऱ्याच्या कपड्यांपर्यंत पोचली होती.

1958 मध्ये, 2 मार्चला, पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला अण्णाभाऊ म्हणाले ते प्रसिद्ध आहे, की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. हा विचार पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे मांडला असेल. लोकांच्या लक्षात राहिला तो अण्णाभाऊंचा, कारण तो दिसतो. एक तळहात, त्यावर पृथ्वी. भिंतीवर रंगवता येईल असा. पोस्टरवर बाराखडी शिकलेल्या माणसाचेच ते वाक्य आहे, असे मला आता वाटते, आणि हे म्हणताना त्याचा मोठेपणा कमी होतो असे मुळीच वाटत नाही.

मी त्या मुलाला बोलावले. म्हणालो, "दोन पानं परत घाल. चूक माझी झाली." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एका बाजूने दाखवला. वहीवरून त्याने सगळे मोबाइलवर उतरवून घेतले होते, माझ्या खुणांबरहुकूम, अकरा पाने वगळून. मूळ वही माझ्याच टेबलावर पडलेली. म्हणाला, "सर, पण आता मधलं जुळवून टाकलंय मी. आईचं पान नवीन लिहिलं." मी नवे पान वाचले. सफाईदार होते. नीळ गेली होती.

वही त्याच्या हातात ठेवली. मेट्रोची वेळ झाली होती, साकीनाक्याला रात्रपाळी. तो म्हणाला, रविवारी बसून बघतो.